पूर्वजाचें समाधिस्थल : कुलवृत्तान्तांतील एका विधानाचें परीक्षण

१

कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध करण्याची चाल महाराष्ट्रांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रूढ झाली, आणि या ग्रंथांनीं इतिहाससंशोधकांस पुष्कळ उपयुक्त सामग्री पुरविली आहे, हें प्रथमच नमूद करणें न्याय्य होईल. घरोघरच्या रुमालांत पडून राहिलेल्या सनदा, महजर, वांटणीपत्रें व वंशावळी या निमित्तानें उजेडांत आल्या. तथापि या ग्रंथांत एक प्रकरण बहुधा असें असतें कीं, तेथें चिकित्सक वाचकास थांबावें लागतें. तें प्रकरण मूळपुरुषाच्या समाधीचें. वंशावळ देतांना जो लेखक दोन कागदांची तोंडमिळवणी केल्यावांचून एक नांवही पुढें लिहीत नाहीं, तोच लेखक समाधीच्या प्रकरणीं गांवच्या गुरवाचें एक वाक्य, नदीकांठचा एक घडीव दगड आणि त्याचें एक प्रकाशचित्र एवढ्यावर संतुष्ट होतो, आणि खालीं ‘आमच्या मूळपुरुषांची समाधि’ असें लिहून मोकळा होतो.

हें परीक्षण लिहिण्याचें कारण परदोषदर्शन नव्हे. असेंच एक विधान सुमारें वीस वर्षांपूर्वीं मीं स्वतः एका कुलाच्या मंडळींस लिहून दिलें. तें त्यांच्या कुलवृत्तान्तांत माझ्या नांवानिशीं छापलें गेलें. आणि तें चुकीचें आहे असा आतां माझा निश्चय झाला आहे. चूक कागदावरच राहिली असती तर शुद्धिपत्राच्या दोन ओळींनीं काम भागलें असतें. परंतु त्या मंडळींनीं माझ्या शब्दावर विश्वासून त्या स्थळीं चबुतरा बांधला, पूर्वजाच्या नांवाची संगमरवरी पाटी बसविली, आणि प्रतिवर्षीं तेथें एकत्र जमण्याचा पाठ ठेविला. चूक दगडावर गेली, व तीही दुसऱ्या कोणाच्या तरी दगडावर. म्हणून तिचें निरसन सविस्तर करणें मला प्राप्त आहे. मंडळींच्या इच्छेवरून कुलाचें व गांवाचें नांव येथें देत नाहीं. गांव कृष्णाकांठीं आहे, एवढें पुरे. विवेचन पद्धतीचें आहे, त्यास नांवाची अपेक्षा नाहीं.

२

पूर्वजाचा देह कोठें आहे असा प्रश्न विचारण्यापूर्वीं, तो देह पुरला होता काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. युरोपीय कुटुंबाचा इतिहास लिहिणारास ही पायरी ओलांडावी लागत नाहीं. ख्रिस्ती मनुष्य मरण पावला म्हणजे त्याचें दफन व्हावयाचें, व त्याची नोंद देवळाच्या पुस्तकांत व्हावयाची, हें तो गृहीत धरूं शकतो. मुंबई इलाख्यांतील इंग्रजांच्या दफनांच्या नोंदींच्या नकला अठराव्या शतकापासून विलायतेस जात असत, व त्या आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. वसईच्या किल्ल्यांतील पडक्या चर्चांच्या फरशीवर पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांचे लेख अद्याप दिसतात. १७३९ त वसई मराठ्यांनीं घेतली, तरी ते दगड जागचे हलले नाहींत, आणि डॉ. जर्सन दा कुन्हा यांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या चौल व वसई येथील प्राचीन अवशेषांवरील ग्रंथांत त्यांचा परामर्श घेतला. अशा ठिकाणीं थडगें, लेख व नोंदवही हीं तीन प्रमाणें एकमेकांस ताडून पाहतां येतात.

आमच्याकडे दहन हा सामान्य विधि. ज्याचें दहन झालें त्याची रक्षा पाण्यांत गेली, अस्थि नाशिकास, प्रयागास किंवा जवळच्या संगमीं गेल्या. त्याचें देहस्थल म्हणून कांहीं उरतच नाहीं. मग पुरलें कोणास? शास्त्र व आचार मिळून उत्तर बरेंच निश्चित आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत व याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांत दोन वर्षांच्या आंतील बालकास पुरावें असें सांगितलें आहे. लिंगायत, महानुभाव व नाथपंथी गोसावी यांच्यांत मृतास भूमि देण्याची चाल आहे. मुसलमानांची कबर व कोंकणांतील बेनेइस्रायलांचें दफन हीं तर उघडच आहेत. आणि दहन करणाऱ्या घराण्यांतही एक मोठा अपवाद आहे, तो संन्याशाचा. त्यानें अग्नि आपल्या ठायीं समारोपित केला असल्यामुळें त्याच्या देहास पुन्हां अग्नि देत नाहींत. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा अठराव्या शतकाच्या अखेरचा धर्मसिंधु, हे दोन्ही ग्रंथ आमच्या बाजूच्या याज्ञिकांचे नित्य हातांतले. त्यांत यतिसंस्काराचा विधि स्वतंत्र दिला आहे. खांच खणून देह बसवावयाचा, शंखानें मस्तकभेद करावयाचा, मिठानें खांच भरावयाची. किंवा देह नदीच्या प्रवाहांत सोडावयाचा. हा दुसरा पर्याय वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें पुढें काम पडणार आहे.

आतुरसंन्यासाचा प्रघात असल्यामुळें मरणाच्या आधीं कांहीं घटका संन्यास घेतलेल्या गृहस्थासही हाच विधि लागू पडे. म्हणजे जन्मभर संसार केलेल्या, कुलकर्ण किंवा जोशीपण चालविलेल्या पुरुषाची खरी समाधि असूं शकते. मात्र त्याबरोबर एक अडचण येते. संन्यास घेतांच पूर्वाश्रमींचें नांव जातें. समाधीवर किंवा मठाच्या कागदांत त्याचा उल्लेख असलाच तर तो योगपट्टाच्या नांवानें असावयाचा. घरचें नांव व आडनांव घेऊन नदीकांठ हुडकणारा वंशज त्याच दगडावरून दहादां पुढें निघून गेला, तरी त्यास ओळख पटावयाची नाहीं.

३

दुसरा प्रश्न दगडाचा. समाधि, वृंदावन, छत्री, थडगें, वीरगळ, सतीशिळा या शब्दांचा व्यवहारांत इतका संकर झाला आहे कीं, कुलवृत्तान्तकार त्यांपैकीं कशालाही ‘समाधि’ म्हणतो. वस्तुतः यांपैकीं बहुतेक स्मरणाचीं चिन्हें आहेत, निक्षेपाचीं नव्हत. थोरले बाजीराव रावेरखेडी येथें नर्मदाकांठीं २८ एप्रिल १७४० रोजीं निवर्तले. तेथील वास्तूस सर्व लोक समाधि म्हणतात, परंतु ती दहनस्थानाची खूण आहे. वीरगळ तर बहुधा बिनलेखी. खालच्या पट्टींत युद्ध, मधल्या पट्टींत अप्सरा वीरास नेत आहेत, वरच्या पट्टींत शिवपूजा, माथ्याशीं सूर्यचंद्र, एवढेंच तो सांगतो. कोणाचा, हें सांगत नाहीं. आणि वीर जेथें पडला तेथेंच तो उभा केला असेल असाही नियम नाहीं.

थडगें असलें तरी त्यांत देह असतोच असें नाहीं. विजापुराजवळ अफजलखानानें आपल्या हयातींत स्वतःसाठीं बांधविलेली कबर अपुरी व रिकामी राहिली. त्याचा देह १६५९ त प्रतापगडाच्या पायथ्याशीं ठेवला गेला. उलट मरणस्थल एक व निक्षेपस्थल दुसरें, असेंही घडतें. चोखोबा मंगळवेढ्यास वेस कोसळून तिच्याखालीं सांपडले, आणि त्यांच्या अस्थि नामदेवांनीं पंढरीस आणून महाद्वाराशीं ठेविल्या, अशी वारकरी परंपरा आहे. खुद्द नामदेवांची समाधि पंढरपूरच्या पायरीशीं दाखवितात, तशी पंजाबांत घुमान येथेंही दाखवितात. दोन्हीकडे भक्ति सारखीच उत्कट आहे. भक्तीच्या उत्कटतेवरून देहाचा निर्णय होत नाहीं, हें यावरून समजून घ्यावें.

देहाचा निर्णय न होण्यानें कधीं कधीं केवढा अनर्थ होतो, याचें उदाहरण पानिपतानें घालून दिलें आहे. सदाशिवरावभाऊंच्या प्रेताची ओळख पटवून दहन केल्याची हकीकत शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशीराज पंडितानें लिहून ठेविली आहे. तरी पुण्यास संशय उरला तो उरलाच, आणि त्या संशयाच्या बळावर १७७६ त तोतयाच्या बंडानें कोंकणपट्टी हालविली. हजारों घरांत त्या दिवशीं गेलेल्या माणसांचें स्थान कोणासच ठाऊक झालें नाहीं. त्या घरांच्या वंशजांनीं आज एखादा दगड हुडकून ‘हाच’ म्हणावें, ही इच्छा मी समजूं शकतों. पण इच्छा हें प्रमाण नव्हे.

सतीच्या स्मारकाविषयीं एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. सती गेलेल्या स्त्रीच्या स्थानासही आपल्याकडे वृंदावनच म्हणतात. थेऊर येथें १७७२ त थोरल्या माधवरावांमागें सती गेलेल्या रमाबाईंचें वृंदावन सर्वांस माहीत आहे. म्हणजे ‘वृंदावन’ या एका शब्दानें अंगणांतील तुळस, यतीचें स्थान व सतीचें स्थान अशा तीन भिन्न वस्तूंचा बोध होतो. कागदांत हा शब्द आला म्हणजे तीनही अर्थ तपासून पाहिले पाहिजेत. मीं ते तपासले नाहींत. माझ्या चुकीचें मूळ येथें आहे.

४

आतां माझें पूर्वींचें विधान व त्याचे आधार सांगतों. सदर कुलाचा मूळपुरुष अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेला. गांवाबाहेर कृष्णेच्या घाटाजवळ छातीइतक्या उंचीचें एक दगडी वृंदावन आहे. त्यावर लेख नाहीं. ‘हीच त्या मूळपुरुषाची समाधि होय’ असें मीं तीन आधारांवर लिहिलें.

पहिला आधार दंतकथेचा. गांवचे वृद्ध गुरव त्यास ‘बाबांची समाधि’ म्हणत, व ते बाबा याच घराण्याचे असें सांगत. दुसरा आधार वास्तूचा. माथ्यावरील शिळेवर पादुकांचे दोन जोड कोरलेले आहेत. ते गुरूचे व शिष्याचे असें मीं मानिलें, आणि मूळपुरुष साधुवृत्तीचा होता या घरच्या समजुतीशीं तें जुळतें असें ठरविलें. तिसरा आधार कागदाचा, आणि मला तोच बळकट वाटला होता. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी झाली, त्या वेळीं या घरच्या पुरुषानें दिलेल्या जबानीची मोडी नक्कल घरच्या रुमालांत होती. तींत ‘वृंदावनापुढील नंदादीपाकरितां’ थोडी जमीन पूर्वापार चालत असल्याचें म्हटलें होतें. समाधीपुढें दिवा, दिव्यास जमीन, जमीन घरच्या ताब्यांत. याहून अधिक काय पाहिजे, असें तेव्हां वाटलें.

५

या तीनही आधारांची आज काय अवस्था झाली, ती क्रमानें पाहूं.

कागदाचा विचार प्रथम करितों. मीं घरची नक्कल वाचली, परंतु तिचा सरकारी जोड पाहिला नव्हता. पुढें दुसऱ्याच कामासाठीं त्या गांवचीं इनामांचीं पत्रकें पाहण्याचा योग आला, तेव्हां तीच जमीन, त्याच चतुःसीमेसह, देवस्थान इनामाच्या तिसऱ्या वर्गांत गांवच्या विठ्ठलमंदिराच्या नांवें दाखल असलेली दिसली. या घराण्याकडे फक्त वहिवाट होती. देवळाच्या प्रांगणांत तुळशीचें जुनें वृंदावन आहे, व त्याच्या समोरच दिवा ठेवण्याचा कोनाडा आहे. नंदादीप होता तो तेथला. नदीकांठच्या दगडाशीं त्या जबानीचा कांहींएक संबंध नाहीं. नक्कल खरी होती, वाचन शुद्ध होतें, अर्थ मात्र मीं माझ्या पदरचा घातला होता.

वास्तूचा आधार २०१९ च्या महापुरानें काढून घेतला. मंडळींनीं बांधलेला चबुतरा पुढून व दोन्ही बाजूंनीं होता. नदीकडील पाठीमागची बाजू गाळानें व चुन्याच्या जुन्या थरांनीं भरून गेली होती. पुराच्या लोंढ्यानें तो गाळ वाहून गेल्यावर त्या बाजूच्या मधल्या शिळेवर कोंपरांत वांकविलेला, बांगड्या भरलेला उभा हात व वर सूर्यचंद्र स्पष्ट दिसूं लागले. हें सतीचें चिन्ह होय. याविषयीं मतभेदास जागा नाहीं. मग पादुकांचे जोड पुन्हां मोजून पाहिले. एक जोड मोठा, दुसरा त्याहून बराच लहान. गुरुशिष्य नव्हेत, तें दांपत्य होतें. पहिल्या भेटींत माप घेण्याची मला आवश्यकता वाटली नाहीं, आणि पाठीमागें वळसा घालून गाळ खरवडण्याचीही वाटली नाहीं.

राहिली दंतकथा. गुरवांच्या घरीं अधिक चौकशी करितां असें कळलें कीं, त्यांचे वडील परगांवाहून घरजांवई म्हणून येथें आले होते. म्हणजे ही परंपरा त्या गांवांत दोन पिढ्यांपलीकडे पोंचत नाहीं. याहून लाजेची गोष्ट पुढेंच आहे. घाटावर धुणें घेऊन जाणाऱ्या वृद्ध बायकांस विचारलें, तेव्हां त्यांनीं त्या दगडास एकमुखानें ‘सतीआई’ म्हटलें. त्यांच्या सासवाही तेंच म्हणत. नदीकडील बाजूस हळदकुंकू वाहण्याचा त्यांचा प्रघात चबुतरा होण्यापूर्वींचा आहे. वीस वर्षांपूर्वीं मीं त्या गांवीं तीन दिवस होतों आणि अनेकांच्या जबान्या घेतल्या; त्यांत एकही स्त्री नव्हती. जी माहिती घाटावर उघड्यावर पडली होती, ती मला पुरानें सांगावी लागली.

६

कोणी म्हणेल, दगड सतीचा असला तरी ती सती मूळपुरुषाचीच पत्नी नसेल कशावरून? तसें असल्यास पाटीवरील नांव सर्वस्वीं चूक ठरणार नाहीं. ही शंका रास्त आहे, व तिचें उत्तर त्या घरच्या कुलाचारांतच मिळतें.

या घरीं भाद्रपदाच्या पितृपक्षांत द्वादशीस एक ब्राह्मण जेवावयास सांगतात, व त्या दिवशींच्या पानास ‘स्वामींचें पान’ म्हणतात. हें पान मूळपुरुषासाठीं वाढतात, एवढें घरांत सर्वांस माहीत आहे. द्वादशीसच कां, हें कोणास सांगतां येत नाहीं. महालयाचा सामान्य नियम मृततिथीचा. त्यास अपवाद ठरलेले आहेत : अहेवपणीं गेलेल्या स्त्रीची नवमी, शस्त्रानें मेलेल्याची चतुर्दशी, आणि संन्याशाची द्वादशी. या पुरुषाची मृततिथि घरच्या टिपणांत मार्गशीर्ष वद्य पंचमी दिलेली आहे. तेव्हां द्वादशी ही त्याची मृततिथि नव्हे. तीन पिढ्यांपलीकडील पुरुषाचें श्राद्ध चालविण्यास शास्त्राचा आग्रह नसतां, आणि मृततिथि वेगळी असतां, द्वादशी धरून ठेविली आहे, याचा अर्थ एकच : हा पुरुष चतुर्थाश्रमी होऊन मरण पावला. ‘स्वामी’ या शब्दानेंही तेंच सुचविलें जातें.

हें एकदां मान्य झालें म्हणजे पुढील तर्क आपोआप येतो. सहगमनास चिता पाहिजे. यतीस चिता नाहीं. म्हणून यति व त्याच्याबरोबर सती गेलेली पत्नी हीं एका दगडाखालीं येऊं शकत नाहींत. पति परदेशीं मृत झाला असतां त्याच्या पादुका घेऊन वेगळ्या चितेवर अनुगमन केल्याचा प्रकार शास्त्रग्रंथांत येतो. त्यामुळें सतीशिळेवरून पतीच्या मरणस्थलाचा निर्णयही करतां येत नाहीं. परंतु ब्राह्मणस्त्रीस वेगळ्या चितेचा निषेध निबंधकारांनीं सांगितला आहे, आणि संन्यास घेतांच पतिपत्नीसंबंधच उरत नाहीं. निषेध आहे म्हणून कृति घडलीच नाहीं असें म्हणणें धाडसाचें होईल, हें मी मान्य करितों. पण या घरच्या कोणत्याही कागदांत, टिपणांत किंवा कुलाचारांत सती गेलेल्या स्त्रीचा उल्लेख नाहीं. तिची ओटी नाहीं, तिच्या नांवाची सवाष्ण नाहीं. ज्या घरानें कारण विसरूनही द्वादशीचें पान इतक्या पिढ्या सांभाळलें, त्या घरानें स्वतःची सती निःशेष विसरावी, हें संभवत नाहीं. म्हणून तो दगड या कुलाचा नव्हे.

मग मूळपुरुषाचें स्थान कोणतें? याच कुलांतील एक गृहस्थ काशीस गेले असतां तेथील कुलोपाध्यायांच्या वहींत त्यांस आपल्या गांवाचें पान मिळालें. त्याचें प्रकाशचित्र त्यांनीं मजकडे धाडिलें. त्यांत मूळपुरुषाचा पुत्र यात्रेस आल्याची नोंद असून, वडील काशींतच संन्यास घेऊन ब्रह्मीभूत झाले व देह गंगेस दिला, असा आशय आहे. योगपट्टाचें नांवही दिलें आहे. या वहीस मी कितपत मान देतों, तें सांगितलें पाहिजे. ती मूळ वही नव्हे. जीर्ण वहीवरून उतरलेली आहे, त्यामुळें पुत्राचें हस्ताक्षर ताडून पाहण्याचा मार्ग बंद आहे. नक्कल करणाराच्या हातून नांवांची उलटापालट होऊं शकते. एकटी ही नोंद असती तर मीं ती संभाव्य म्हणून बाजूस ठेविली असती. परंतु काशीच्या उपाध्यायांस या घरच्या द्वादशीच्या पानाची वार्ता असण्याचें कारण नाहीं, आणि या घरास त्या वहीची वार्ता नव्हती. एकमेकांस अनोळखी असे दोन साक्षी एकच गोष्ट सांगत आहेत. अशा ठिकाणीं विश्वास ठेवण्यास हरकत नसावी.

म्हणजे निष्कर्ष असा कीं, या पुरुषाचें समाधिस्थल सांपडलें नाहीं असें नव्हे, तें नव्हतेंच. शास्त्रानें दिलेल्या दोन पर्यायांपैकीं दुसरा त्याच्या वांट्यास आला, व त्याचा देह गंगाप्रवाहांत गेला.

७

या अनुभवावरून कुलवृत्तान्त लिहिणाऱ्या व घरचे कागद जमविणाऱ्या मंडळींस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. दगडाकडे जाण्यापूर्वीं घरचा श्राद्धाचार लिहून काढावा; कोणत्या तिथीस कोणाचें पान वाढतात, व त्यास काय म्हणतात, हें घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें, कारण हा आचार त्यांच्याच हातांत टिकला आहे. ‘कैलासवासी’, ‘देवाज्ञा झाली’, ‘ब्रह्मीभूत’ हे शब्द कागदांत वेगवेगळ्या ठिकाणीं येतात. उतारा घेतांना ते जसेच्या तसे उतरावे, सर्वांचें मिळून ‘मृत्यु पावले’ असें करूं नये. दिवाबत्ती व नैवेद्य यांच्या इनामाची घरची नक्कल मिळाली तर तिचा दप्तरांतील जोड शोधावा, व चतुःसीमा जमिनीवर जाऊन पाहावी. वास्तूचें माप चारही बाजूंनीं घ्यावें, आणि प्रत्येक बाजूचें प्रकाशचित्र ठेवावें. क्षेत्रोपाध्यायांच्या वहींतील नोंद मिळाल्यास ती मूळ कीं उतरलेली हें प्रथम नमूद करावें. आणि सर्वांत महत्त्वाचें : दंतकथा सांगणारा मनुष्य त्या गांवांत किती पिढ्यांचा आहे, हें विचारल्यावांचून दंतकथा लिहूं नये.

जेथें एवढें करूनही निर्णय होत नाहीं, तेथें जागा कोरी सोडावी. वंशावळींत मधली एक पिढी न मिळाल्यास आपण तेथें रेघ ओढतों व त्यांत कमीपणा मानीत नाहीं. समाधीच्या प्रकरणींच रकाना भरलाच पाहिजे असा हट्ट कां असावा? भरलेला चुकीचा रकाना पुढच्या संशोधकास फसवितो; कोरा रकाना त्यास कामास लावितो.

शेवटीं त्या मंडळींस एक विनंति. माझ्या विधानामुळें तुमचा खर्च झाला व श्रद्धा भलत्या ठिकाणीं गुंतली, याबद्दल मी तुमचा अपराधी आहें. पुढील आवृत्तींत माझें तें टिपण काढून टाकावें, व त्याच्या जागीं हें परीक्षण अथवा याचा सारांश छापावा. वार्षिक मेळा बंद करण्याचें कारण नाहीं. तो विठ्ठलमंदिरांत भरवावा, तेथल्या दिव्याशीं तुमच्या घराण्याचा संबंध कागदानें सिद्ध आहे. परंतु नदीकांठची संगमरवरी पाटी उतरवावी, आणि चबुतऱ्याचा जो भाग त्या दगडास झांकतो तो जपून काढावा. सतीच्या चालीचा गौरव करण्याचा यांत हेतु नाहीं. ती चाल क्रूर होती, आणि ती बंद झाली हें योग्यच झालें. पण त्या दगडाखालीं जिची आठवण आहे, तिचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. तिच्यापाशीं बांगड्या भरलेला तो एक हात तेवढा उरला आहे. त्यावर मीं दुसऱ्याचें नांव चढविलें. तें खालीं उतरविणें, एवढें तरी माझ्या हयातींत व्हावें.